पालथी झाकणं

आमच्या गारखेड्यात सणापेक्षा पाण्याचा वार जास्त लक्षात ठेवतात. टाकी, ड्रम, बादल्या आणि शेवटी पातेलीसुद्धा भरून होईपर्यंत त्या दिवशी कुठल्याच कामात जीव लागत नाही. हल्ली आदल्या संध्याकाळी मोबाईलवर संदेश येतो की आपल्या भागात उद्या अमुक वाजता पाणी सोडण्यात येईल. संदेश आला म्हणजे पाणी येतंच असं नाही, पण लोकांना तेवढंच बरं वाटतं. शेजारच्या वहिनी म्हणतात, "किती सोय झाली बघा." मी मान हलवते. ही सोय ज्या यादीवर चालते, तिच्यातले जुन्या शहराचे वॉल्व्ह मी भरले आहेत आणि त्या यादीत एक चूक आहे, हे मी वहिनींना सांगत बसत नाही.

चूक माझी होती आणि ती लागली दुसऱ्या माणसाच्या नावावर. त्यानं मला सगळं बरोबर सांगितलं होतं, एवढंच मी लिहून द्यायचं होतं. चार ओळींचा कागद. तो द्यायला मला सहा वर्षं लागली.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली बाई. बरीच वर्षं एका खाजगी कंपनीत पाहणीचं काम करते. कंपनीला तेव्हा जुन्या शहरातल्या पाण्याच्या लाइनींचं काम मिळालं होतं. प्रत्येक वॉल्व्ह शोधायचा, किती इंची आहे, कुठल्या गल्लीला पाणी देतो ते टॅबलेटमध्ये भरायचं, फोटो काढायचा आणि झाकणावर पिवळ्या रंगानं नंबर टाकायचा. पुढं त्यावरून अ‍ॅप होणार होतं. अ‍ॅप बघून कुठल्याही माणसानं कुठलाही वॉल्व्ह उघडावा, अशी कल्पना होती. "कुठलाही माणूस" हे शब्द आमच्या साहेबांना फार आवडायचे. प्रत्येक मीटिंगमध्ये ते एकदा तरी यायचेच.

घोडं अडलं ते वॉल्व्ह सापडण्यावर. नकाशे होते, पण घडीवर फाटलेले, आणि फाटले होते ते नेमके चौकांच्या जागी. वरून डांबराचे थर चढलेले. वॉल्व्ह कुठं आहेत हे शेवटी एकाच माणसाला तोंडपाठ होतं. ते ठेकेदाराकडं रोजावर होते, वय साठीच्या पुढं, खुलताबादहून रोज सकाळच्या बसनं यायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मीही पहिल्या दिवसापासून मामाच म्हटलं. ते मला दोन दिवस मॅडम म्हणाले, मग ताई.

त्यांच्याकडं चावी असायची. चावी म्हणजे पुरुषभर उंचीची लोखंडी कांब, वर आडवा दांडा आणि खाली चौकोनी खोबण. ती खड्ड्यात सोडून वॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि फिरवायची. माझ्या स्कूटीवर मागं बसून त्यांनी ती आडवी धरली की औरंगपुऱ्यात दोन्ही बाजूंचे लोक शिव्या घालायचे. म्हणून ते ती उभी धरून बसायचे, मिरवणुकीत झेंडा धरतात तशी. आणि मागून सांगायचे, "ताई, डावीकडं घ्या. आता हळू. थांबा, आपन त्याच्यावरच उभं हाव." मग खणलं की खाली वॉल्व्ह निघायचा. सहा महिन्यांत त्यांची जागा एकदाही चुकली नाही.

चावीचं एक टोक वॉल्व्हवर टेकवून दुसऱ्या टोकाला ते कान लावत. एकदा मलाही लावायला लावला. "ऐका. घरघर हाय ती गल्ली पिती. बारीक खरखर हाय ती गळती." मला फक्त औरंगपुऱ्याचा बाजार ऐकू आला. फेऱ्यांचा हिशेबही त्यांच्या हातात होता. एखादा वॉल्व्ह अकरा फेऱ्यांत पूर्ण उघडायचा, पण मामा नऊच फेरे द्यायचे, कारण अकरा दिले तर खालच्या घरांत पाणी धो धो यायचं आणि वरची घरं कोरडी राहायची. टॅबलेटमध्ये एकूण फेऱ्यांचा रकाना होता. किती द्यायचे, याचा नव्हता. मी अकरा लिहून पुढं जायची.

मामांना हे काम एका वस्तादानं शिकवलं होतं, त्या वस्तादाला त्याच्या वस्तादानं, निजामाच्या वक्तात. वस्ताद म्हणायचा, "जबरदस्ती नक्को करो, पूछ के घुमाओ." वॉल्व्हला विचारायचं म्हणजे आधी अर्धा फेरा द्यायचा, हाताला काय लागतं ते बघायचं, मगच जोर करायचा. आमच्या शहरात जमिनीखालून डोंगराचं पाणी आणलं ते काही शतकांपूर्वी. पाणचक्की बघायला येणाऱ्यांना ते कुणाच्या राज्यात आणलं हे गाइड नावानिशी सांगतात. खापराचे नळ एकात एक कुणी बसवले ते कुणी विचारत नाही. मीही तोवर कधी विचारलं नव्हतं.

आता झाकणांचं सांगते. जुन्या शहरात वॉल्व्हच्या खड्ड्यावर बिडाची चौकोनी झाकणं आहेत, वरच्या बाजूला उठावाची अक्षरं आणि खाली आडव्या बरगड्या. बहुतेक झाकणांची अक्षरं वर होती. काही मात्र पालथी बसवलेली, अक्षरं खाली, बरगड्या वर. चालणाऱ्याला ठेच लागेल अशी. मला वाटलं, हा नेहमीचा आळस.

कामाला पाच महिने झाले असताना मामा भाचीच्या लग्नाला आठवडाभर गेले. नेमके तेव्हाच साहेबांनी फोटो मागितले. झाकण स्वच्छ हवं, अक्षरं वर हवीत, नंबर मधोमध हवा. बरगड्यांवर रंग काही नीट बसेना. मी वैतागले. इतकी वर्षं काम करतात आणि एक झाकण सरळ ठेवता येत नाही, असं मजुरांसमोर बोलूनही दाखवलं. दोन मजूर आणि एक पहार घेऊन मी पालथी झाकणं सुलटी करून घेतली. सात निघाली. सातांवर पिवळे नंबर टाकले. फोटो फार चांगले आले, साहेबांनी ग्रुपवर अंगठा दिला.

मामा परत आले ते लग्नातली बुंदी कागदात बांधून घेऊन. पहिल्याच झाकणापाशी थबकले.

"ताई, हे कुनी पलटलं?"

"मी. का?"

"किती पलटली?"

"सात."

ते चावी टेकवून दुकानाच्या पायरीवर बसले. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. शांतपणे सांगायला लागले, "हा उलटा वॉल्व्ह हाय. बाकीचं समदं डावीकडं फिरवलं की उघडतंय. हा उजवीकडं उघडतो. लई जुना माल हाय, कुठून आला देव जाने. म्हनून झाकन पालथं ठिवायचं. पालथं दिसलं की वळखायचं, उलटं फिरवायचं. वस्तादाच्या बी आधीपासून असंच हाय."

"मग मला आधी सांगितलं का नाही?"

"झाकन सांगत व्हतं की," मामा म्हणाले.

मग स्वतःच म्हणाले, "जाऊ द्या. तुमच्या टॅबलेटात घाला आता. त्ये सात उलटं हायेत म्हनून."

मी साहेबांना विचारलं. कुठल्या बाजूला फिरवायचं याचा रकानाच फॉर्ममध्ये नव्हता. साहेब म्हणाले, एक रकाना वाढवायचा तर सगळ्या नोंदी परत उघडाव्या लागतील, नंतर बघू. झाकणं परत पालथी करावीत असंही माझ्या मनात आलं. पण फोटो मंजूर झाले होते, ऊन मी म्हणत होतं आणि ते सगळं परत करायचं म्हटल्यावर मी अक्षरशः थकले. माझ्या हातून काही वाईट घडतंय असं तेव्हा वाटलंही नाही. फक्त कंटाळा आला होता.

आठ दिवसांनी मामांनी विचारलं, "घातलं का ताई, उलट्याचं?"

"हो मामा, घातलं," मी म्हटलं.

मी घातलं नव्हतं. अजूनही नळाला पाणी येताना आवाज आला की मला हे वाक्य माझ्याच आवाजात ऐकू येतं.

अ‍ॅप सुरू झालं आणि आता सगळं टॅबलेटात आहे म्हणून ठेकेदारानं मामांना घरी बसायला सांगितलं. त्यांनी चावी जमा केली. जाताना मला म्हणाले, "नवीन मानसांना सांगा, जोर नगा करू म्हनावं. आन् त्ये सात..." मी म्हटलं, काळजी करू नका.

त्याच उन्हाळ्यात औरंगपुऱ्याच्या मागच्या एका गल्लीत नव्या माणसानं अ‍ॅप बघून वॉल्व्ह उघडायला घेतला. सरळ झाकण, पिवळा नंबर, सगळं व्यवस्थित. डावीकडं फिरवला. फिरेना. म्हणजे गंजलाय, असं त्यानं धरलं. खरं तर तो वॉल्व्ह बंद होता आणि हा त्याला आणखी बंद करत होता. त्यानं चावीच्या दांड्याला लांब पाइप अडकवला, सोबतच्या माणसाला घेऊन जोर लावला आणि वॉल्व्हच्या आतला दांडा तुटला. वॉल्व्ह बंद तो बंदच राहिला. असला जुना भाग कुठं मिळेना. रस्ता खणून नवा वॉल्व्ह बसेपर्यंत चार गल्ल्या तडफडल्या. एका घरी हळद होती, त्यांनी पाहुण्यांना आंघोळी करून यायला सांगितलं.

चौकशी झाली. साहेबांनी माझ्यासमोर अहवाल ठेवला. स्थानिक वॉल्व्हमननं पाहणीच्या वेळी चुकीची माहिती दिल्यामुळं सदर प्रकार घडला, असं त्यात होतं. खाली माझं नाव छापलेलं. साहेब म्हणाले, "मामा काय, आता कामावर नाहीतच. त्यांचं काय बिघडतंय?" मी सही केली. माझ्यावर कुणी पिस्तूल रोखलं नव्हतं. मला नोकरी जायची भीती वाटली, एवढंच. भीती फार साधी गोष्ट असते, आणि मोठी कारणं नंतर सवडीनं शोधता येतात.

मामा एकदाच ऑफिसात आले, दुपारी, पिशवीत पेरू घेऊन. उभे राहूनच बोलले. "गल्लीतली लोकं म्हनतात, कामावरनं काढलं म्हनून मामानं जाता जाता उलटं सांगून ठिवलं. चाळीस वरीस त्यांना पानी सोडलं ताई. तुमी चार वळी लिहून द्या, मी बरोबर सांगितलं व्हतं म्हनून. मी गल्लीत दाखवीन, बास."

"बघते मामा," मी म्हटलं.

त्यांना तेवढ्यात सगळं कळलं असावं. टॅबलेटात घातलं का, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. पेरू टेबलावर ठेवून गेले. ते पेरू माझ्या घशाखाली उतरले नाहीत असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी ते खाल्ले. गोड होते.

त्यानंतर ते आले नाहीत. मीही मूग गिळून बसले. तुटलेल्या जागी नवा वॉल्व्ह आला होता, तो सरळ फिरणारा. उरलेल्या सहांना कुणी हात लावेना. तेही गंजलेले आहेत असं धरून ते होते तसे अर्धवट उघडे सोडून दिले. तिथली लोकं पाणी कमी येतं म्हणून अ‍ॅपवर तक्रार करतात. तक्रार नोंदवली गेल्याचा संदेश त्यांना लगेच येतो.

यंदा कंपनीनं एक पुस्तिका काढायची ठरवली, शहराचं पाणी आणि तंत्रज्ञान यांचा प्रवास. खापरी नळांपासून अ‍ॅपपर्यंत. शेवटचं पान "या प्रवासामागची माणसं". जुनी म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मी साहेब लोकांची नावं आणि फोटो गोळा केले. मग माझ्या टॅबलेटमधले जुने फोटो उघडले. एका फोटोत मधोमध वॉल्व्ह आणि कोपऱ्यात चावीवर ठेवलेला मामांचा हात, मनगटात काळा दोरा. पान लावणाऱ्या मुलीनं विचारलं, "मॅम, हा हात कापून टाकू ना?"

मी नको म्हटलं. का, ते तिला सांगता आलं नाही. त्या संध्याकाळी चार ओळी टाइप करून काढल्या आणि रविवारी खुलताबादची बस धरली.

मामांचं घर विचारत विचारत सापडलं. पुढं सुनेचं छोटं किराणा दुकान, मागं दोन खोल्या. मामा खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. मला बघून म्हणाले, "या ताई. कितव्या दिवशी येतं आता पानी?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, बऱ्याच जणांची मिळून एक तक्रार ऐकल्यासारखी. मी कागद दिला. त्यांनी तो सुनेकडं दिला आणि तिनं मोठ्यानं वाचला. सदर पाहणीच्या वेळी स्थानिक वॉल्व्हमन यांनी सातही उलट्या वॉल्व्हची अचूक माहिती दिली होती. ती नोंदवण्यात माझ्याकडून हयगय झाली व ती नोंदवली असं मी त्यांना खोटं सांगितलं. झाकणंही मीच पलटली होती.

मामा म्हणाले, "ह्याच्यात माझं नाव कुठंय?"

मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. सहा महिने त्यांना स्कूटीवर मागं बसवून फिरवलं, त्यांच्या घरची बुंदी खाल्ली, त्यांच्यावर ठपका ठेवणाऱ्या अहवालावर सही केली आणि नाव एकदाही विचारलं नाही. अहवालाला त्यांचं नाव लागलं नव्हतं आणि माझ्या माफीलाही लागलं नव्हतं. इतकी लाज मला सही करतानासुद्धा वाटली नव्हती.

सून कागदावरच बघत राहिली. मामांनी नाव सांगितलं, वडिलांचं, मग आडनाव, सावकाश, मला लिहायला वेळ देत. मी "स्थानिक वॉल्व्हमन" खोडून वर पेनानं लिहिलं आणि बाजूला सही केली. कागद परत पुढं केला तर त्यांनी हात मागं घेतला.

"मला नगा देऊ. मी काय सांगितलं त्ये मला ठाऊक हाय. ज्यास्नी ठाऊक नाय त्यांना द्या."

सोमवारी मी कागद ऑफिसात दिला. आता साहेब नवीन आहेत. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, फाइल तर केव्हाच बंद झालीय, आता हे कशाला उकरता, तुमच्याच अंगावर येईल. मी म्हटलं, येऊ द्या. मला धाडस आलं होतं असं काही नाही. दमले होते, आणि लपवण्याची दमणूक वेगळीच असते. कारकुनानं आवकचा शिक्का मारून पोच दिली. तिचा फोटो मी सुनेच्या मोबाईलवर पाठवला.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर मामांचा आवाज आला, सुनेनं बोलायला लावून पाठवलेला. "ताई, कागद पोचला. नाव बरोबर हाय." मग बराच वेळ नुसती खरखर. मग, "झाकनं पलटली का?"

झाकणं माझ्या डोक्यातही आली नव्हती. सहा वर्षं मी त्या कागदाचंच ओझं बाळगत होते. तिकडं सहा वॉल्व्ह तोंड सरळ करून, खोटं बोलत पडले होते.

बुधवारी अर्धा दिवस काढून मी औरंगपुऱ्यात गेले, एक मजूर आणि एक पहार घेऊन. उरलेल्या सहांतलं पहिलं झाकण मागच्याच त्या गल्लीच्या तोंडाशी. पिवळा नंबर अजून पुसलेला नव्हता. मजुरानं एक कड उचलली, दुसरी मी धरली. या वयात कमरेला हे झेपत नाही. झाकण पलटताना समोरचा भांड्यांचा दुकानदार पायरी उतरून आला.

"मॅडम, उलटं बसवताय तुम्ही."

"वॉल्व्ह उलटा आहे. झाकण पालथंच लागतं."

"कोण म्हणतं?"

मी मामांचं नाव सांगितलं, वडिलांचं, आडनाव, सगळं. त्याला ओळख पटेना. मग मी म्हटलं, "मामा. पाणी सोडायचे ते."

"हां, मामा," तो म्हणाला. "तेच ना, जाता जाता उलटं सांगून गेलेले?"

"त्यांनी बरोबर सांगितलं होतं," मी म्हटलं. "चुकीचं मी लिहिलं."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी खाली वाकून झाकणाची दुसरी कड चौकटीत बसवली.